नोटा तपासायच्या दिव्याखाली पंधरा कोटी वर्षांपूर्वीची कातडी

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ नाही, बसमध्ये किंवा ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत वाचायचं आहे, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जे 'अरे', 'म्हणजे', 'थांबा' येतं, त्यातलं निम्मं मी काढून टाकलंय. निम्मं राहिलंय, चालवून घ्या.

आजचा विषय एका रीलवरून सुचला. अंधारी खोली, मधोमध दगडाची एक फरशी. कुणीतरी जांभळा टॉर्च मारतं आणि फरशीवरची हाडं एकदम उजळतात. हाडांभोवती, जिथं साध्या उजेडात नुसता दगड दिसत होता, तिथं एका प्राण्याच्या शरीराची कड दिसायला लागते. खाली कॉमेंट्समध्ये दोन गट. एक म्हणतोय 'एडिटिंग आहे भावा'. दुसरा म्हणतोय 'डायनासोरची खरी कातडी सापडली'. दोघांचंही चुकतंय. ते कसं, तेच आज बघू.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस. जीवाश्मांचा अभ्यासक नाही. पण 'डेटा तिथंच होता, आपल्याला फक्त दिसत नव्हता' हा प्रकार आमच्या धंद्यात रोजचा, त्यामुळे हा विषय डोक्यात शिरला तो निघेना.

आधी दिव्याचं बघू

महाद्वार रोडवर किंवा गुजरीत एखाद्या दुकानात पाचशेची नोट दिली की गल्ल्यामागचा माणूस ती निळसर दिव्याखाली धरतो. तो दिवा अतिनील किरणांचा, म्हणजे आपण सगळे ज्याला यूव्ही म्हणतो त्याचा. खऱ्या नोटेवरचा नंबर आणि कागदातले बारीक धागे त्या उजेडात चमकतात, बाकीचा कागद मात्र मंद राहतो. साधा झेरॉक्सचा कागद त्याच दिव्याखाली धरा, सगळाच्या सगळा निळा-पांढरा उजळेल. कारण तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं. पांढऱ्या शर्टाला टिनोपाल किंवा रानीपाल लावतात ना, त्याच जातीचं. गणपतीच्या मिरवणुकीत त्या जांभळ्या लाइटखाली पांढरे शर्ट का पेटतात, त्याचं उत्तरही हेच.

आता आतली गोष्ट. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. ४०० च्या खालचा तो अतिनील. त्याच्या एकेका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा जास्त ऊर्जा असते. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चचा फोटॉन साधारण ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, तर हिरव्या प्रकाशाचा साधारण २.४ चा. काही पदार्थ हा जास्त ऊर्जेचा फोटॉन गिळतात, त्यातली थोडी ऊर्जा आतल्या आत उष्णता म्हणून घालवतात आणि उरलेली कमी ऊर्जेच्या, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत देतात. शंभराची नोट दिली, वीस रुपये कमिशन कापून ऐंशी हातात आले, असा हिशोब. याला मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात, इंग्रजी नाव फ्लुओरेसन्स. हे नाव जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानं १८५२ मध्ये दिलं.

यातला कळीचा मुद्दा असा की कोणता पदार्थ किती चमकणार आणि कुठल्या रंगात, हे त्याच्या रसायनावर ठरतं. साध्या उजेडात दोन गोष्टी अगदी एकाच मातकट रंगाच्या असल्या, तरी यूव्हीखाली एक पिवळी पेटेल आणि दुसरी काळीच राहील. म्हणजे यूव्हीमुळे दगडाच्या आतलं काही दिसत नाही. एक्स-रेसारखं ते आरपार जात नाही. पृष्ठभागावर जे आधीच उघडं आहे पण रंग सारखा असल्यामुळे मिसळून गेलंय, ते वेगळं काढून दाखवतं. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन डेटा येत नाही, फक्त कॉन्ट्रास्ट वाढतो.

शिळाछापाचा दगड

आता जर्मनीला जाऊ. दक्षिणेकडे बव्हेरियात सोल्नहोफेन नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीचे थर इतके सपाट आणि इतक्या बारीक कणांचे आहेत की त्यांच्यावर छपाई करता येते. लिथोग्राफी, म्हणजे आपल्या आजे-पणज्यांचा शिळाछाप, याच दगडावर वाढला. जगभरच्या शिळाप्रेसमध्ये उत्तम दगड म्हणून हाच जायचा. १९ व्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी छपाई केली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखानाही याच तंत्रावर चालायचा. घराघरांतल्या भिंतींवर जी लक्ष्मी आणि सरस्वती लागली, ती आधी दगडावर उतरलेली होती.

बारीक कणांचा दगड शाईची केसाएवढी रेघ धरून ठेवतो. तसाच तो एखाद्या मेलेल्या प्राण्याचा बारीक तपशीलही धरून ठेवतो. सोल्नहोफेनच्या खाणीत १८६१ मध्ये पिसांसकट सापडलेल्या आदिम पक्ष्याचं नाव आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. त्या नावातलं 'लिथोग्राफिका' छापखान्याच्या दगडावरूनच आलंय.

साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ, उबदार समुद्र होता. मध्ये छोटी बेटं, त्यांच्यामध्ये अडकलेली खारट तळी. तळाशी प्राणवायू जवळजवळ नाही. मेलेला प्राणी तळाशी गेला की त्याला कुरतडायला खेकडे नाहीत, किडे नाहीत. वरून हळूहळू चुन्याचा गाळ बसत राहायचा. त्या समुद्रात इक्थिओसॉर होते.

इक्थिओसॉर म्हणजे समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. डायनासोर नव्हे, हे लक्षात ठेवा, पुढच्या वेळी कॉमेंटमध्ये भांडायला उपयोगी पडेल. दिसायला डॉल्फिनसारखा, हवेत श्वास घेणारा, पिल्लांना जन्म देणारा. त्याच्या पूर्वजांनी जमीन सोडून पाणी धरलं आणि शरीर हळूहळू माशाच्या आकाराचं झालं.

हाडं अर्धीच गोष्ट सांगतात

इक्थिओसॉरचे सांगाडे १९ व्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडत होते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मेरी ॲनिंग आणि तिच्या भावाला १८११-१२ मध्ये सापडलेला नमुना प्रसिद्ध आहे. पण सांगाड्यात एक कोडं होतं. शेपटीचा कणा ठराविक जागी खाली वाकलेला दिसायचा. एका सांगाड्यात असतं तर म्हणालो असतो की मोडला असेल. पण तो अनेकांत त्याच जागी वाकलेला. रिचर्ड ओवेन यांनी १८३८ च्या सुमारास तर्क लावला की तिथं मांसल पर असणार, आणि त्याच्यामुळेच शेपटी तिथं वाकत असणार.

तर्क बरोबर निघाला. १८९० च्या दशकात जर्मनीतल्याच होल्झमाडेन गावच्या काळ्या दगडात, बर्नहार्ड हाउफ यांनी साफ केलेल्या नमुन्यांमध्ये शरीराची काळी बाह्यरेषा दिसली. शेपटीला चंद्रकोरीसारखा पर होता. पण त्याबरोबर पाठीवरही एक तिकोनी पर होता, शार्कला असतो तसा. पाठीवरच्या त्या परात एकही हाड नसतं. त्यामुळे नुसत्या हाडांवरून तो कुणाच्या स्वप्नातही आला नसता.

आता विचार करा. पर किती मोठा, शरीर किती जाड, कातडी गुळगुळीत की खवलेदार, यावर तो प्राणी किती वेगानं पोहायचा, किती ऊर्जा खर्चायचा, थंड पाण्यात टिकायचा का, हे सगळं ठरतं. हाडांवरून केलेलं चित्र म्हणजे गाडीची नुसती चासी बघून गाडी कुठली ते सांगण्यासारखं. कधी जमतं, कधी पार फसतं.

मांस दगडात टिकतं तरी कसं?

'मऊ ऊतक सापडलं' अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांसमोर फ्रीजमधलं चिकन येतं. तसं बहुतेक वेळा नसतं. सोल्नहोफेनमध्ये जे टिकलंय ते मुख्यतः मांसाची किंवा कातडीची खनिजातली नक्कल आहे.

प्राणी मेला की जिवाणू कामाला लागतात. कुजताना शरीरातला फॉस्फरस मोकळा होतो, आजूबाजूच्या पाण्याची आम्लता बदलते. परिस्थिती नेमकी जुळली, तर चुन्याऐवजी कॅल्शियम फॉस्फेट तयार होऊन ऊतकांच्या जागी बसायला लागतं. आपल्या हाडांत आणि दातांत असतं त्याच घराण्यातलं हे खनिज. हे किती लवकर होतं, हे आयरिश संशोधक डेरेक ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कोळंबी कुजवून प्रयोगशाळेत तपासलं. स्नायूंवर फॉस्फेट काही आठवड्यांतच चढायला लागतं. लाखो वर्षं नाही, आठवडे! म्हणजे ही शर्यत आहे. एका बाजूला कुजणं, दुसऱ्या बाजूला खनिज बसणं. बहुतेक वेळा कुजणं जिंकतं. क्वचित दुसरं जिंकतं, आणि आपल्याला पंधरा कोटी वर्षांनी स्नायूंचे धागे बघायला मिळतात.

यूव्हीचं महत्त्व इथंच आहे. फॉस्फेट खनिजात इतर मूलद्रव्यं थोड्या प्रमाणात अडकतात, आणि त्यांच्यामुळे ते यूव्हीखाली चमकतं. भोवतालची चुनखडी वेगळ्या रंगात किंवा मंद चमकते. साध्या उजेडात हाड, कातडी आणि दगड तिन्ही पिवळट-मातकट. यूव्हीत तिघांचे तीन वेगळे रंग.

अंधाऱ्या खोलीत काय चालतं

ऐकायला सोपं वाटतं, की टॉर्च मारला आणि फोटो काढला. पण मोबाइलनं काढून बघा, सगळा फोटो जांभळा येईल. कारण टॉर्चमधून थोडा दिसणारा जांभळा प्रकाशही निघतो आणि दगडावरून उसळून लेन्समध्ये शिरतो. तो खऱ्या चमकेपेक्षा कितीतरी जोरदार असतो. म्हणून खोली पूर्ण काळोखी करतात, कॅमेरा तिकाटण्यावर बसवतात आणि लेन्सपुढं असा फिल्टर लावतात, जो उसळलेला यूव्ही आणि जांभळा प्रकाश अडवतो आणि फक्त चमक आत सोडतो. चमक फिकी, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. वेगवेगळे फिल्टर लावून एकाच फरशीचे अनेक फोटो काढतात, कारण एका फिल्टरमध्ये हाड उठून दिसतं, तर दुसऱ्यात कातडी.

जीवाश्मांवर यूव्ही मारणं साधारण शंभर वर्षं जुनं आहे, पण सोल्नहोफेनच्या दगडासाठी ही कला बारकाईनं वाढवली जर्मनीच्या हेल्मुट टिशलिंगर यांनी. पुढं अमेरिकेतले टॉम के आणि सहकाऱ्यांनी दिव्याऐवजी लेसर वापरायला सुरुवात केली. २०१५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. लेसरचा झोत जास्त तीव्र, त्यामुळे जे दिव्यानं चमकत नाही तेही कधीकधी उजळतं.

एक सूचना, आणि ही गंमत नाही. यूव्ही डोळ्यांत घालू नका. घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये जी यूव्हीची नळी असते ती छोट्या तरंगलांबीची, साधारण २५४ नॅनोमीटरची, जंतू मारणारी. ती काढून 'प्रयोग' करायचा नाही. डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात. नोटा तपासायचा दिवा त्यामानानं सौम्य, पण त्याच्याकडंही टक लावून बघायचं नाही. प्रयोगशाळेत लोक यूव्ही अडवणारा चष्मा लावूनच काम करतात.

मग दिसलं काय?

२०२२ मध्ये लेने लिबे डेल्सेट आणि सहकाऱ्यांनी सोल्नहोफेन भागातल्या दोन इक्थिओसॉरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी साधे आणि यूव्ही असे दोन्ही फोटो वापरून मऊ भाग कुठं आहेत ते ठरवलं, आणि ते खनिज नक्की कोणतं हे क्ष-किरणांच्या तंत्रानं तपासलं. उत्तर आलं फॉस्फेट. मला ही पद्धत आवडली, कारण त्यांनी नुसत्या चमकेवर विश्वास टाकला नाही. चमकेनं फक्त 'इथं बघा' असं बोट दाखवलं, आणि पुरावा रसायनानं दिला.

होल्झमाडेनच्या काळ्या दगडातली गोष्ट थोडी वेगळी. तिथं मऊ भाग काळ्या सेंद्रिय थरासारखे टिकतात, त्यामुळे तिथं सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचण्यांचा भर जास्त. २०१८ मध्ये योहान लिंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका इक्थिओसॉरच्या कातडीखाली चरबीच्या थराचा पुरावा मांडला, व्हेलला असते तशी चरबी. शिवाय वरून गडद आणि पोटाकडं फिका असा रंग. चरबीचा थर म्हणजे शरीर गरम ठेवणारा प्राणी. २०२५ मध्ये तिथल्याच एका प्लेसिओसॉरची, म्हणजे लांब मानेच्या समुद्री प्राण्याची, कातडी वर्णन झाली. शेपटीकडं गुळगुळीत, पण वल्ह्यासारख्या पायांवर खवले. एकाच अंगावर दोन प्रकारची कातडी! हाडांवरून हे कुणी सांगू शकलं नसतं.

आणि शिकागोचा आर्किऑप्टेरिक्स. समुद्री नाही, पण दगड तोच, म्हणून सांगतो. तिथल्या फील्ड म्युझियममधल्या तज्ज्ञांनी तो दगडातून मोकळा करताना वेळोवेळी यूव्हीखाली बघितलं, म्हणजे कुठं दगड संपतो आणि कुठं कातडी सुरू होते ते कळेल. या कामाला वर्षाहून जास्त वेळ लागला. २०२५ मध्ये जिंगमाय ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं, तेव्हा पंखाच्या आतल्या बाजूची अशी पिसं समोर आली जी आधीच्या नमुन्यांत नीट दिसली नव्हती.

इथं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. जीवाश्म साफ करणं म्हणजे दगड खरवडणं. त्याला अनडू नाही. बॅकअप नाही. गेल्या दोनशे वर्षांत जगभर हाडं 'स्वच्छ' करायच्या नादात कारागिरांनी त्यांच्याभोवतीचा फिकट थर छिन्नीनं काढून टाकला. तो दगड होता की कातडी, हे आता कधीच कळणार नाही. ते लोक वाईट नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांना फक्त तो फरक दिसत नव्हता. म्हणून आज नियम सोपा आहे. आधी बघा, मग हत्यार लावा.

चमकतं ते सगळं कातडं नव्हे

आता नाण्याची दुसरी बाजू. यूव्हीखाली डिंक चमकतो. वार्निश चमकतं. दुरुस्तीची पेस्ट, कापसाचे धागे, काही बुरश्या, कॅल्साइटसारखी साधी खनिजंसुद्धा चमकतात. म्हणून रीलमधली चमक बघून लगेच 'कातडी' म्हणायचं नाही. पण ही अडचण फायद्याचीही आहे, कारण बनावट पकडायला हाच दिवा चालतो. आपल्या नोटेसारखंच.

सगळ्यात झणझणीत उदाहरण इटलीचं. १९३१ मध्ये आल्प्स पर्वतात एका सरड्यासारख्या प्राण्याचा जीवाश्म सापडला. वय साधारण २८ कोटी वर्षं. दगडावर काळी, स्पष्ट बाह्यरेषा, जणू अख्खी कातडी टिकलेली. नाव ठेवलं ट्रायडेंटिनोसॉरस. दशकानुदशकं तो पुस्तकांत आणि संशोधनात वापरला गेला. २०२४ मध्ये व्हॅलेंटिना रोस्सी आणि सहकाऱ्यांनी त्यावर यूव्ही मारला, तर अख्ख्या नमुन्यावर कसलातरी लेप चढवलेला दिसला. पुढच्या चाचण्यांत कळलं की ती 'कातडी' म्हणजे कोरलेल्या दगडावर लावलेला काळा रंग आहे, हाडं जाळून करतात तसला. पाठीमागच्या पायांची हाडं आणि थोडे बारीक हाडाळ खवले मात्र खरे निघाले.

म्हणजे आतापर्यंत त्या 'कातडी'वर बेतलेले निष्कर्ष रंगावर उभे होते. सॉफ्टवेअरमध्ये जसं एका चुकीच्या इनपुटवर दहा रिपोर्ट तयार होतात, तसंच.

आपल्या मातीत काय?

हा प्रश्न प्रत्येक एपिसोडनंतर येतो. 'ते सगळं ठीक आहे, पण आपल्या इथं सापडेल का?'

कोल्हापूर शहरात नाही. सरळ उत्तर. पन्हाळा घ्या, जोतिबाचा डोंगर घ्या, आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर ओतलेला लाव्हा. त्यावर कुठंकुठं जांभा. इक्थिओसॉर तर त्याच्या दोन कोटींहून जास्त वर्षं आधीच संपले होते. शिवाय उकळत्या लाव्ह्यात कातडी टिकायची आशा नाही. दक्षिणेला गोकाकच्या धबधब्याचा वालुकाश्म फार जुना, पण इतका जुना की हाडं असलेले प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते. आपल्या आसपासच्या दगडखाणीत पोकळ्यांमधलं कॅल्साइट मिळालं, तर ते यूव्हीखाली कधीकधी चमकेल. सुंदर दिसेल. पण ते खनिज आहे, जीवाश्म नव्हे.

सगळ्यात जवळचा खरा इक्थिओसॉर आहे कच्छमध्ये. भुजजवळच्या लोडाई गावच्या परिसरात जवळपास अख्खा सांगाडा सापडला, लांबी साधारण साडेपाच मीटर. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये तो जगासमोर ठेवला. जुरासिक काळातला भारतातला हा पहिला इक्थिओसॉर. तामिळनाडूत त्यानंतरच्या, क्रेटेशियस काळातल्या खडकांतून इक्थिओसॉरचे मणके १९ व्या शतकातच नोंदले गेले होते. कच्छचा नमुना वयानं साधारण सोल्नहोफेनच्या इक्थिओसॉरांच्या आगेमागेचा. म्हणजे एकाच काळात तिकडं युरोपात आणि इकडं कच्छच्या समुद्रात हे प्राणी पोहत होते.

महाराष्ट्रात समुद्री नाही, पण दोन जागा मला खुणावतात. पहिली गडचिरोलीचा सिरोंचा तालुका. तिथं वडधमला जीवाश्म पार्क आहे. प्राणहिता नदीकाठच्या कोटा गावावरून नाव पडलेल्या चुनखडीत जुरासिक काळातले मासे सापडलेत, जाड चकचकीत खवल्यांचे. त्यांचं वर्णन १८५१ मध्येच झालंय. गोड्या पाण्यातली चुनखडी, सपाट थर, त्यात मासे. यूव्ही दिवा घेऊन बसावं अशीच ही जागा, असं मला वाटतं.

दुसरी चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा, वरोऱ्याजवळ. तिथं डायनासोरच्या काळातली दगड झालेली विष्ठा सापडते. हसू नका! २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले आणि डायनासोरच्या काळातच गवत होतं हे दाखवलं. त्याआधी गवत त्यांच्यानंतरच आलं असा सर्वसाधारण समज होता. आपल्या विदर्भातल्या शेतात पडलेल्या, कुणी लाथेनं उडवला असता अशा गोळ्यानं जगाचं पुस्तक बदललं.

तुमच्या हातात काय आहे

कच्छमध्ये, विदर्भात, कुठंही फिरताना विचित्र दगड दिसला, तर आपला पहिला हात खिशाकडं जातो. उचलायचा, धुवायचा, घासायचा, शोकेसमध्ये ठेवायचा. आता तुम्हाला कळलं असेल की त्या धुण्या-घासण्यात काय जाऊ शकतं. हाडाभोवतीचा तो फिकट थर, ज्याला आपण माती समजतो. आणि जागेवरून हलवला की तो कुठल्या थरातला, त्याच्या शेजारी काय होतं, ही माहितीही गेली. मग तो नुसता एक छान दगड उरतो.

म्हणून एवढंच करा. हात लावू नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवा. एक फोटो जवळून, एक लांबून, आजूबाजूचे थर दिसतील असा. मग तो फोटो जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला पाठवा. उत्तर कदाचित येईल 'साधा दगड आहे'. येऊ दे. दहातले नऊ साधेच असतात.

आणि कुणी ऑनलाइन 'ओरिजनल कातडीसकट जीवाश्म' विकत असेल, तर पैसे भरायच्या आधी नोटा तपासायच्या दिव्याखालचा फोटो मागा. अंगावर एकसारखा लेप चमकताना दिसला, तर ट्रायडेंटिनोसॉरस आठवा. नुसता फोटो मागितल्यावर विक्रेता गायब झाला, तर उत्तर तिथंच मिळालं.

पुढच्या एपिसोडमध्ये याच्याच पुढचा प्रश्न घेऊ. जीवाश्मांवरून प्राण्याचा रंग कसा ओळखतात, आणि तो दावा कितपत खरा धरायचा? तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. आणि घरी यूव्ही दिवा असेलच, तर आधी टॉनिक वॉटरची बाटली त्याच्यासमोर धरून बघा. त्यातलं क्विनाइन कसं निळं पेटतं बघा, मग बोलू.